दादाच्या गाडीचा मोठा कॅम

डोंबिवली पूर्वेला आमची तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा होती आणि त्या जागेच्या खिडकीखाली एक विलायती स्पोर्ट्स कार उभी असायची. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग खरं की काय म्हणून माझ्याकडे बघतात. खरं आहे. दोनच माणसं बसतील एवढी, कापडी टपाची, जवळजवळ माझ्याच वयाची गाडी. घरात नळाला दिवसाआड पाणी, आणि दारात ही. आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "आमच्या दारात हत्ती झुलतोय हो!" बिल्डिंगमधल्या बायका गाडीवरच्या ताडपत्रीवर खुशाल पापड वाळत घालायच्या. दादाला ते आवडायचं नाही, पण तो कुणाला बोलायचा नाही. बोलण्याचं काम घरात माझ्याकडे होतं.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. ठाण्याच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत फिटर होता. ही गाडी तिथल्या बड्या साहेबांची, कंपनीच्या शेडमध्ये पडून असलेली. दर रविवारी दादा तिथे जाऊन तिचं काहीबाही करायचा. साहेबांना कौतुक होतं, दादाला नाद होता. मग ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी कंपनीला टाळं लागलं. साहेब परदेशी मुलाकडे निघाले आणि जाताना चावी दादाच्या हातात ठेवून म्हणाले, "तूच सांभाळलीस, तूच घेऊन जा." अठरा वर्षं त्या कंपनीत घासल्यावर दादा घरी घेऊन आला ती ही एवढी वस्तू.

पहिले काही दिवस तो रोज डबा घेऊन कंपनीच्या गेटवर जाऊन बसायचा. बरेच कामगार बसायचे. मग एकेकाला कुठे कुठे काम मिळालं, गेटवरची गर्दी ओसरली, आणि एक दिवस दादा गेला नाही. त्यानंतर आठ महिने तो पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून होता. दाढी वाढली. जेवायला हाक मारली की उठायचा, जेवायचा, परत पडायचा. आई त्याच्या पायांशी बसून जपमाळ ओढायची. मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होते. दिवसभर दुसऱ्यांच्या रेषा गिरवून घरी यायचे आणि समोर ही पाठ. मला त्या पाठीचा राग यायचा. आज लिहिताना लाज वाटते, पण यायचा. एका संध्याकाळी मी पिशवी आपटून म्हणाले, "याच्यापेक्षा मढं बरं. त्याला चार जण उचलून तरी नेतात." आईने कानांवर हात ठेवले. दादा हलला नाही. त्याने ऐकलं की नाही ते मला त्या दिवशी कळलं नाही आणि विचारायची हिंमत मला कधीच झाली नाही.

त्यानंतर महिन्याभराने ठाण्याचा एक गॅरेजमालक घरी आला. मोठं गॅरेज होतं त्याचं. कंपनीत साहेबांकडे येणंजाणं असल्यामुळे दादाचा हात त्याला माहीत होता. त्याने खिडकीखालची गाडी पाहिली, पलंगावरचा दादा पाहिला, आणि चहा घेता घेता म्हणाला की जानेवारीतल्या एका रविवारी मुंबईची काही हौशी मंडळी आपल्या जुन्या गाड्या घेऊन कल्याणच्या पलीकडे मलंगगडाच्या रस्त्याला येणार आहेत. तिथे लढाईच्या काळातली विमानांची धावपट्टी आहे, तिच्यावर एकेक गाडी सरळ पळवून बघायची. "तू पण ये. मला तुझा नंबर नकोय," तो दादाला म्हणाला. "गाडी नीट गेली पाहिजे आणि नीट परत आली पाहिजे. तेवढं दाखव, माझ्या गॅरेजातलं इंजिनचं सगळं काम तुझ्याकडे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर दादा मोरीपाशी आरशासमोर दाढी करत होता. हनुवटीला कापून घेतलेलं, तरी करत होता. आईने मला खुणेनेच गप्प राहायला सांगितलं आणि देवापुढे साखर ठेवली. आठ महिन्यांनी आमच्या घरात माणूस परत आला होता. तो परत जाऊ नये, एवढंच आता आम्हा दोघींना हवं होतं.

दादाने इंजिन उघडलं तेव्हा कॅमशाफ्ट गेलेला निघाला. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनातला एक दांडा. त्याच्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात, त्यांना कॅम म्हणतात. दांडा फिरला की ते उंचवटे व्हॉल्व्ह उघडतात आणि मिटू देतात, इंजिन त्यातून श्वास घेतं आणि सोडतं. दादाच्या दांड्याचे दोन उंचवटे झिजून बोथट झाले होते. नवा मिळणं शक्य नव्हतं. ती गाडी बनवणाऱ्यांनीच ती केव्हाच सोडून दिली होती.

वागळे इस्टेटमध्ये एक मिस्त्रीकाका होते. ते ट्रकचे झिजलेले कॅमशाफ्ट वेल्डिंगने भरून परत घासून द्यायचे. मूळचे कळव्याच्या खाडीकाठचे कोळी, भाऊ अजून होड्या चालवायचे, हे स्वतः वर्तकनगरला राहायला आलेले. त्यांनी दांडा हातात घेऊन उजेडात फिरवला, नखाने टोकरला आणि म्हणाले, "भरून देतो. पण पोलाद जुनं हाय, एकदाच सोसंल. चुकलं तर दुसऱ्यांदा घासाय येनार नाय." मग त्यांनी कपाटातून दोन नमुने काढून फळीवर ठेवले. एक लहान कॅम, मूळच्यापेक्षा किंचित उंच. दुसरा मोठा. शर्यतीच्या कुठल्याशा गाडीवरून कधीकाळी उतरवून घेतलेला, उंच आणि खांद्यांत रुंद. यातल्या कोणत्या मापाने घासायचं ते आम्ही सांगायचं होतं.

दादाने मोठा उचलला तो खाली ठेवेना.

"नाकापेक्षा मोती जड होईल बरं का," मिस्त्रीकाका म्हणाले. "आमच्या होडीचं बग. खालनं बळ लागतं, तवा ती चिखलातनं निघती. ह्यो मोठा खालनं काय देनार नाय. पार वर नेलास तर देईल. तवर नुसता खोकत बसंल."

"धावपट्टीवर चिखल कुठेय काका?" दादा हसला. मी त्याला वर्षाने हसताना बघत होते.

शेवटी ठरलं की दोन्ही नमुने मी ऑफिसात नेऊन मोजायचे आणि त्यांचे आलेख काढायचे. दादाचा माझ्या कामावर फार विश्वास. "हिची रेघ म्हणजे रेघ," असं तो मिस्त्रीकाकांना सांगत होता. मी दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत ते नमुने मोजले. पाच-पाच अंशांनी फिरवायचं, काटा वाचायचा, लिहायचं. घरी येऊन आईच्या पाटावर आलेखाचा कागद पसरून दोन्ही रेषा काढल्या. लहान निळ्या शाईत, मोठा लाल.

अडाण्यालाही कळलं असतं. निळी रेषा त्या इंजिनासाठीच काढल्यासारखी होती. खालपासून, म्हणजे इंजिन हळू फिरत असल्यापासून ओढ, मध्ये भरपूर जोर, वर पुऱ्या वेगात थोडा कमी. गाडी नीट गेली असती आणि नीट परत आली असती. लाल रेषेत व्हॉल्व्ह इतका खाली उतरत होता आणि इतका वेळ उघडा राहत होता की पिस्टन वर येताना दोघांमध्ये जेमतेम जागा उरत होती. शिवाय स्प्रिंगा जुन्या. वेग चढला की त्या व्हॉल्व्हला वेळेवर मागे खेचतीलच याचा भरवसा नव्हता. मी हिशेब दोनदा केला. दोन्ही वेळा उत्तर तेच आलं. लहान घ्यायचा.

त्या संध्याकाळी दादा माझ्यासमोर येऊन मांडी घालून बसला. केस विंचरलेले, अंगात इस्त्रीचा शर्ट. जायचं कुठेच नव्हतं, तरी इस्त्रीचा.

"काय निघालं गं?"

मी कागद त्याच्याकडे वळवला. आलेख त्याला वाचता येत नव्हता असं नाही, पण मी सांगेपर्यंत वाचायचा नाही असं त्याने ठरवलेलं दिसत होतं. त्याने लाल रेषेवर बोट ठेवलं.

"हा मोठा ना? किती वर गेलाय बघ. साहेब म्हणायचे, ही गाडी कधी पुरती पळालीच नाही. लहान बसवला ना, तर तेच परत. आपल्यासारखंच. चाललंय तेवढं चाललंय." त्याचं बोट लाल रेषेवरच होतं. "बसेल ना गं मोठा?"

मला नाही म्हणायचं होतं. नाही हा शब्द तोंडात तयार होता. पण मला त्याची आठ महिन्यांची पाठ दिसत होती आणि माझंच ते मढ्याचं वाक्य कानात वाजत होतं. मी नाही म्हणाले आणि हा उठून परत पलंगावर गेला तर? ज्या जिभेने त्याला मढं म्हटलं त्याच जिभेने परत कमीपणा सांगायचा? मला त्याचा चेहरा पडलेला बघायचा नव्हता. खरं सांगायचं तर त्याच्यासाठी नाही, माझ्यासाठी बघायचा नव्हता. एवढ्या वर्षांनी याला मी दुसरं काही नाव देत नाही, तो भेकडपणा होता.

"बसेल," मी म्हणाले. "आलेखात मोठाच बरा निघतोय."

दादाने माझ्या डोक्यावर टपली मारली आणि आईला ओरडून सांगितलं, "अगं, ही म्हणतेय मोठा!" आईला कशातलं काय कळलं कोण जाणे, पण तिने दोघांच्या हातावर साखर ठेवली. मी ती खाल्ली.

आम्ही नमुने घेऊन परत गेलो तेव्हा मिस्त्रीकाकांनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं. "बाय, मोजलंस ना नीट?" मी हो म्हणाले. ते तसं खोटं नव्हतं, मोजलं नीटच होतं. मग त्यांनी यंत्र सुरू केलं. ठिणग्या उडत होत्या आणि दादा लहान पोरासारखा वाकून बघत होता. ज्या दांड्यावर लहान कॅम होऊ शकला असता त्याच्यावर माझ्यासमोर मोठा होत गेला.

अजून एक संधी होती. तीही आम्हीच घालवली. व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना लागत नाहीत ना, हे बघायची गॅरेजवाल्यांची एक रीत असते. पिस्टनच्या डोक्यावर कणकेची चकती ठेवायची, वरचा भाग बसवून घट्ट करायचा, इंजिन हाताने दोन फेरे फिरवायचं, मग सगळं परत उघडून व्हॉल्व्हने कणीक किती दाबली ते ब्लेडने कापून मोजायचं. आईने पोळ्यांच्या कणकेतला एक गोळा काढून दिला. मिस्त्रीकाकांनी बजावलेलं, चारही सिलिंडर बघा. आम्ही पहिला बघितला. एक मिलिमीटर आणि वर थोडं. कमी होतं, पण होतं. त्या एकाला अर्धी सकाळ गेली. दादा घामाघूम झालेला, आई जेवायला बोलावत होती.

"शितावरून भाताची परीक्षा," दादा हात पुसत म्हणाला. "एक सुटला म्हणजे चारही सुटले. काय गं?"

भात एका पातेल्यात शिजतो म्हणून ती म्हण खरी. त्या इंजिनाचे चार पिस्टन एका पातेल्यातले नव्हते, हे आम्हाला मागाहून कळलं. आमच्याकडे येण्यापूर्वी, कदाचित साहेबांच्याही आधी, कुणीतरी तिसरा पिस्टन दुसऱ्याच गाडीचा घासूनपुसून बसवला होता. परदेशी गाड्यांचं आपल्याकडे असंच चालायचं, मिळेल ते बसवायचं. तो बाकीच्यांपेक्षा मिलिमीटरभर उंच होता. लहान कॅम असता तर त्यालाही पुरेशी जागा राहिली असती. पण त्या दिवशी मी हो म्हणून मान हलवली आणि आम्ही जेवायला गेलो.

जानेवारीतल्या त्या रविवारी आई देवळात गेली आणि आम्ही दोघं गाडी घेऊन निघालो. रस्त्यातच मिस्त्रीकाकांचा शब्द न शब्द खरा होत होता. मानपाड्याच्या वळणावर गाडी दोनदा बंद पडली. पुढच्या नाक्यावर थांबलो तर तिचा सगळा सांगाडा थरथरत होता, आणि शेजारच्या रिक्षावाल्याने विचारलं, "दमा झाला काय?" दादाला काहीच टोचत नव्हतं. "हिला वर न्यायला पाहिजे गं," एवढंच तो म्हणत होता. "खालचं सोड."

धावपट्टी म्हणजे फुटलेल्या सिमेंटचा लांब पट्टा, भेगांमध्ये गवत, लांबवर म्हशी. वीसेक गाड्या आल्या होत्या, टोप्या घातलेली माणसं होती, कुणी थर्मासमधून कॉफी ओतत होतं. गॅरेजमालकाने दादाचा हात हातात घेतला आणि माझ्याकडे बघून हसला. दादाची पाळी आली तेव्हा मी त्या पट्ट्याच्या मध्यावर कडेला उभी होते.

सुरुवातीला ती अडखळत आली. टोप्यांमध्ये कुणीतरी हसलं. मग कुठेतरी आवाज बदलला. मी अनेक गाड्यांचे आवाज ऐकले आहेत, पण तसा परत ऐकला नाही. सगळं खोकणं थांबलं आणि एक लांब, स्वच्छ, चढत जाणारा सूर निघाला. गाडी माझ्यासमोरून गेली तेव्हा दादाचं तोंड उघडं होतं, तो काहीतरी ओरडत होता किंवा गात होता. मी पण ओरडले. मी टाळ्या वाजवल्या, देवा, मी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, चुकलं माझं गणित! लाल रेषाच खरी होती!

चार सेकंद असतील. पाच. मग लोखंड फुटल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ काहीतरी आतल्या आत दळलं गेल्याचा. गाडी तेल सांडत सांडत गवतात जाऊन थांबली.

मी पोचले तेव्हा दादा उतरून बॉनेट उघडून उभा होता. इंजिनाच्या कुशीला मूठ जाईल एवढं भोक पडलं होतं. त्यातून तिसऱ्या पिस्टनचा तुकडा दिसत होता. दादाने हात घालून तो काढला. तापलेला होता, त्याला चटका बसला असणार, तरी त्याने तो हातात धरून ठेवला. गॅरेजमालक आला, वाकून बघितलं, "लागलं नाही ना तुला?" विचारलं. दादाने नाही अशी मान हलवली. "वाईट झालं," गॅरेजमालक म्हणाला आणि हळूहळू आपल्या गाडीकडे चालत गेला. त्याला मी दोष देत नाही. नीट परत ये एवढंच त्याने मागितलं होतं.

गाडी टेम्पोला बांधून ओढत आणली. दादा स्टिअरिंगवर होता, मी शेजारी. घरी आल्यावर त्याने हातपाय धुतले, शर्ट काढून खुंटीला लावला आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. आईने मला विचारलं, "कोणता नंबर आला गं?"

त्या खेपेला तो दीड वर्ष उठला नाही. मग उठला, पण जो उठला तो दुसरा कुणी होता. नव्वदच्या दशकात दिवा स्टेशनच्या बाजूला नव्या बिल्डिंगा धडाधड उभ्या राहत होत्या, त्यातल्या एकीवर तो वॉचमन म्हणून लागला. पाण्याच्या टँकरची नोंद ठेवायची आणि पंप चालू-बंद करायचा. ज्या हाताने त्याने इंजिनं बांधली त्या हाताने बटण दाबायचं. पावसाने गाडीची तळपट्टी खाल्ली, आणि एक दिवस भंगारवाला उरलेलं घेऊन गेला. बायकांनी पापड वाळत घालायला दुसरी जागा शोधली. दादाने लग्न केलं नाही. मी केलं, वर्तकनगरला राहायला गेले, आणि दर रविवारी त्याला भेटायला येत राहिले.

गाडीची गोष्ट निघायचीच. पाहुणे, शेजारी, कुणी ना कुणी विचारायचं. आणि दादा प्रत्येक वेळी तेच सांगायचा. "हिने आलेख काढून सांगितलेलं मला, दादा, लहान घे. मीच ऐकलं नाही. माझंच डोकं फिरलेलं." लोक माझ्याकडे कौतुकाने आणि त्याच्याकडे कीव करत बघायचे. आई गेली ती हेच खरं धरून गेली. शेवटच्या आजारपणातही ती त्याला म्हणाली, "बहिणीचं ऐकलं असतंस तर रे." तो म्हणाला, "हो गं आई." मी तिथेच उशाशी होते.

आईचे दिवस झाल्यावर एकदा आम्ही दोघंच घरात होतो. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "दादा, तू असं का सांगतोस सगळ्यांना? मी तर मोठा म्हणालेले."

"माहितेय मला," तो म्हणाला. "चुकलं असेल तुझं मोजताना. होतं कधी कधी, जेवणाच्या सुट्टीत घाईघाईत केलेलंस तू." मग तो माझी समजूत काढावी तसं म्हणाला, "पण लोकांना कशाला सांगायचं? माझं तर सगळंच गेलेलं. म्हटलं, आपल्या घरातल्या एकाचं तरी काम बरोबर आलेलं असू दे."

मी चहा ठेवायला उठले. माझं काम बरोबरच आलं होतं, दादा. दोनदा केलं होतं, दोन्ही वेळा बरोबर आलं होतं. हे त्याला सांगायला माझं तोंड आजवर उघडलेलं नाही.